सड्यावरची सायकल

कुठलीही सायकल दिसली की तो आधी वाकायचा आणि तिचं टायर अंगठ्यानं दाबून बघायचा. सायकल कुणाची, मालक ओळखीचा की अनोळखी, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. लालबागच्या फुटपाथला टेकवलेली दूधवाल्याची असो, पोस्टमनची असो, नाहीतर दादरच्या भाजीबाजाराबाहेर कुणी साखळीनं खांबाला बांधलेली असो, हा जाता जाता दाबणार, स्वतःशीच "कमी हाय" किंवा "बरी हाय" म्हणणार आणि पुढे जाणार. एकदा एका मालकानं त्याला चोर समजून मनगट धरलं. यानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. "चुकलं माझं," म्हणाला, आणि वर त्याला सांगितलं की मागच्या चाकाला हवा कमी आहे.

"चुकलं माझं" हे त्याचं एक पालुपद. दुसरं म्हणजे, "आतल्या रस्त्यानं जाऊ."

त्याचं नाव मी सांगत नाही. परळच्या त्या बाजूला तुमचं जाणंयेणं असेल तर तुम्हीही त्याला पाहिलेलं असणार. एका चाळीच्या जिन्याखाली त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक लाकडी पेटी, पाण्याची घमेली, पंप आणि तारेला लटकवलेल्या जुन्या ट्यूब. अंगात कायम खाकी अर्धी पॅन्ट आणि कधीकाळी पांढरा असलेला शर्ट. त्याआधी तो गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता, आणि मोठ्या संपानंतर काही वर्षांनी गिरणीलाच टाळं लागल्यावर इथे येऊन बसला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे तो बोलत नसे आणि कुणी विचारलं तर पंप शोधायला जिन्याखाली आणखी आत शिरत असे.

मी दादरच्या एका शाळेत मास्तर होतो. चाळिशीच्या आतच डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगितलं आणि रोज चालायला जा म्हणाले. चालण्याचा मला भयंकर कंटाळा. माणूस चालतो तेव्हा ओळखीचे लोक त्याला गाठतात आणि तब्येतीची चौकशी करतात, आणि माझी तब्येत हा माझ्या तोंडचा विषय नव्हे. म्हणून माळ्यावर पडलेली वडिलांची सायकल खाली काढली आणि ढकलत त्याच्याकडे नेली. त्यानं तिचा मडगार्ड, चेन, सीट काही न पाहता आधी दोन्ही टायरं दाबली. मग मला म्हणाला, "मास्तर, हिला कुणी वापरलीच नाय. चुकलं तुमचं."

त्याच्या तोंडून दुसऱ्याची चूक मी ऐकली ती तेवढी एकदाच.

पुढे रविवारी सकाळी आम्ही बरोबर सायकली काढू लागलो. परळहून लालबागचा बाजार सरळ रस्त्यानं गेलं तर हाकेच्या अंतरावर. पण हा मला गिरण्यांच्या भिंतींच्या मागून, गोदामांच्या बोळांतून, नळावर भांडणाऱ्या बायकांच्या बादल्या चुकवत न्यायचा. मी वैतागायचो. बायका आम्हाला शिव्या द्यायच्या त्या वेगळ्याच. पण "आतल्या रस्त्यानं जाऊ" म्हटलं की त्यावर त्याच्याशी वाद घालता येत नसे. मला वाटायचं, रहदारीचा तिटकारा आहे बिचाऱ्याला. त्याला कारणही होतं. एकदा एका टॅक्सीवाल्यानं मागे न बघता दार उघडलं आणि हा रस्त्यावर आडवा झाला. टॅक्सीवाला बाह्या सरसावूनच खाली उतरला. हा जमिनीवरूनच म्हणाला, "चुकलं माझं." भांडायला आलेल्या माणसाचा एवढा विरस झालेला मी दुसरा पाहिला नाही. शेवटी त्या टॅक्सीवाल्यानंच आम्हा दोघांना चहा पाजला आणि जाताना त्याच्याकडे दोनदा मागे वळून पाहिलं.

असंच एका वर्षी होळीच्या आधी तो मला म्हणाला, "मास्तर, गाड्याघोड्या नसलेला रस्ता बघायचाय? शिमग्याला गावाला चला. सायकली एसटीच्या टपावर टाकू."

शाळेत परीक्षांचे दिवस जवळ आलेले. हेडमास्तरांनी माझ्या रजेच्या अर्जाकडे असं पाहिलं की जणू मी संन्यास घ्यायला निघालोय. पण मी गेलो. कंडक्टरनंही हटकलंच. लोक शिमग्याला पोराबाळांना घेऊन जातात, तुम्ही सायकली कसल्या नेताय म्हणाला. यानं नेहमीचंच उत्तर दिलं आणि सायकलींचं भाडं भरलं.

पहाटे आम्ही एका फाट्यावर उतरलो. तो त्याच्या गावाचा फाटा नव्हता, बराच अलीकडच्या गावाचा होता, हे मला पुढे कळलं. बाकीचे मुंबईवाले बसमध्ये झोपलेलेच राहिले. आम्ही दोघांनीच टपावरून सायकली उतरवून घेतल्या. आणि तिथे त्यानं पहिलं काम काय केलं असेल? दोन्ही सायकलींची हवा थोडी सोडून दिली. मी ओरडलोच. तर म्हणे, डांबरावर टायर टणक पाहिजे, पण खडीवर ते भाकरीसारखं पाहिजे, दाबलं की दबणारं. नाहीतर खडी तुम्हाला उडवून लावेल.

त्या रस्त्याबद्दल मी लिहायला बसलो तर हे लिखाण त्याच्यावरचं राहणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. रोजगार हमीच्या कामात कधीतरी त्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उंच सपाट माळावर, रस्ता आखला गेला. मुरूम पडला, त्यावर खडी पसरली, रोलरही फिरला म्हणतात. डांबर मात्र आलं नाही. मोठा रस्ता खाडीच्या बाजूनं खालून निघाला आणि हा वरचा तसाच राहिला. एसटी नाही, ट्रक नाही, फटफटी नाही. सकाळपासून दुपारपर्यंत आम्हाला एक बैलगाडी भेटली आणि तिचा गाडीवानही झोपलेला होता. बैलांनी आम्हाला वाट दिली. चाकाखाली खडी करकरत होती, त्यापलीकडे आवाज म्हणून नव्हता. दोन्ही बाजूला भाजलेलं गवत, मध्येच काजूची झाडं, त्यांच्या मोहराचा वास. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायची आणि आम्ही तिच्या अंड्यांपासून लांब गेलो की आम्हाला सोडून द्यायची. चढाला उतरून ढकलायचं, सपाटीला बसायचं. "हँडल आवळू नका," तो मागून सांगायचा, "ती जाते तशी जाऊ द्या." माझ्या बुडाचे जे हाल झाले ते मी शाळेत कुणाला सांगितले नाहीत. पण आयुष्यात एवढा सुखी मी क्वचितच झालो असेन. मी त्याला म्हटलंसुद्धा, की भाऊ, तुम्ही स्वर्ग लपवून ठेवला होतात.

त्यानं उतरून माझं मागचं टायर दाबून पाहिलं.

दुपार कलायला लागली तेव्हा सडा संपला. पुढे कडा, आणि खडीचा रस्ता वळणं घेत खाली उतरलेला. खाली एक वाडी. कौलं, शेणानं सारवलेली खळी, माडाचे शेंडे. ढोलाचा आवाज वर येत होता. एका कुंभ्याच्या झाडाखाली त्यानं सायकल उभी केली, स्टँड लावला आणि झाडाच्या आडोशाला जाऊन बसला.

"उतरायचं ना?" मी विचारलं.

"इथपर्यंतच," तो म्हणाला.

खाली ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरत होती. तुम्ही त्या भागातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. शिमग्यात देवी स्वतः प्रत्येकाच्या अंगणात येते, घरची बाई ओटी भरते, पालखी खांद्यावर नाचवतात आणि मग ती पुढच्या घरी जाते. वरून ती लाल ठिपक्यासारखी दिसत होती. एका घरातून निघून दुसऱ्या घरी शिरायची. एका ठिकाणी फणसांची आणि कलमांची गर्दी होती, तिथे ती दिसेनाशी झाली आणि जरा वेळानं पलीकडून निघाली.

"त्या झाडांत माझं घर," तो म्हणाला. "तेवढं गाळून जाते. जाणारच."

मग त्यानं सांगितलं. आतापर्यंत मी त्याला सलग पाच-सहा वाक्यंही बोलताना ऐकलं नव्हतं.

लालबागच्या एका चाळीत त्यांच्या गावकीची खोली होती. गावातून गिरणीत आलेला प्रत्येक पुरुष त्या खोलीत राहायचा. भिंतीला ओळीनं ट्रंका, पाळी असेल तशी झोपायची जागा, जेवण खाणावळीत, आणि कोपऱ्यात गावच्या देवीचा फोटो. संप सुरू झाला तेव्हा खोलीतल्या वडीलधाऱ्यानं त्या फोटोपुढे गाऱ्हाणं घातलं आणि एकेकानं नारळावर हात ठेवून शब्द दिला, की ठरेपर्यंत कुणी कामावर जाणार नाही. यानंही ठेवला. त्याच्या शेजारी गंगारामनं ठेवला. गंगाराम त्याचा गावातला शेजारी, खोलीतला शेजारी आणि साच्यावरचाही शेजारी.

संप लांबत गेला. कुणी गावी गेलं, कुणी भाजी विकायला बसलं. याची आई आधीच गेलेली, बायकोही बाळंतपणात गेलेली, मूल राहिलं नव्हतं. एकट्या माणसाचं कसंही भागत होतं. आणि तरी एका सकाळी हा उठला आणि गिरणीत गेला.

"भुकेनं गेलो म्हटलं असतं तर लोकांनी पदरात घेतलं असतं," तो म्हणाला. "पण मी भुकेनं नाय गेलो, मास्तर. मला झोप नव्हती लागत. साच्यांचा आवाज नाय, तर डोकं फिरायला लागलं. बसवत नव्हतं. एवढ्यासाठी गेलो."

आपल्या खोलीतला पहिला गेलेला माणूस तोच. आणि तो गेला म्हणून थोड्या दिवसांनी गंगारामही गेला. आत माणसं कमी, एकेकाला नेहमीपेक्षा जास्त साचे सांभाळायला दिलेले. गंगारामचा उजवा हात पट्ट्यात सापडला. अंगठा तेवढा वाचला, बोटं गेली. तो गावी परतला तो कायमचाच. हा त्याला हॉस्पिटलात भेटायला गेला नाही, खोलीवर स्वतःची ट्रंक आणायलाही परत गेला नाही, आणि घराची किल्ली गंगारामच्या घरी असल्यानं गावीही उतरला नाही. लहानपणी त्यानं पाहिलं होतं, की नारळावरचा शब्द मोडणाऱ्या एका घराला पालखीनं वगळलं होतं. आता आपलंही तसंच होत असणार, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. तरी दर शिमग्याला यायचा. कुणी भेटू नये म्हणून अलीकडे उतरायचा आणि आडोशाला बसून पालखी बघून परत जायचा.

मी ज्याला स्वर्ग म्हटलं होतं तो रस्ता त्यानं तोंड लपवायला शोधलेला होता. परतताना मी त्या रस्त्याची तारीफ केली नाही. तीच खडी, तेच काजू, आणि मला सगळीकडे त्याची पाठ दिसत राहिली, जराशी वाकलेली, पुढे पॅडल मारत असलेली. लालबागच्या बोळांचं कोडंही तेव्हा सुटलं. सरळ रस्त्यावर ती चाळ होती.

पुढच्या शिमग्याला त्यानं मला बोलावलं नव्हतं. मीच त्याच्याबरोबर निघालो. माझ्या स्वभावात एक खोड आहे, दुसऱ्याच्या भानगडीत पडल्याशिवाय मला राहवत नाही. वर्षभर माझ्या डोक्यात एकच होतं, की या माणसाला एकदा खाली उतरवायचा. कड्यावर पोचल्यावर मी माझी बाटली रिकामी असल्याचं सांगितलं आणि पाणी आणतो म्हणून उताराला लागलो. तो मागून काहीतरी सांगत होता. बहुधा ब्रेक न लावण्याबद्दल. मी लावला. पहिल्याच वळणावर पुढचं चाक खडीत फिरलं आणि मी सायकलसकट वाडीच्या दिशेनं निघालो, त्यातला बराचसा भाग गुडघ्यावर.

खाली एका म्हाताऱ्यानं मला उचलून आपल्या पडवीत बसवलं. पाण्यानं गुडघा धुतला, हळद दाबली. हळद लावताना तो डाव्या हातानं लावत होता आणि उजवा धोतराच्या सोग्यात ठेवला होता. त्यामुळे तो कोण हे मला विचारावं लागलं नाही.

ढोल जवळ आले. पालखी त्याच्या अंगणातून शेजारच्या घराकडे वळली. ते घर फणसांच्या मधोमध होतं आणि बंद होतं. पण अंगण ताजं सारवलेलं होतं, रांगोळी होती, दाराला आंब्याचे डहाळे होते. गंगारामची सून ओटीचं ताट घेऊन तिकडे गेली. पालखी त्या बंद दारापुढे थांबली आणि माणसांनी ती नाचवायला घेतली. इतर घरांपुढे नाचवली होती तितकाच वेळ.

हे घर कुणाचं, मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"हाय एकाचं. मुंबयला असतो," तो म्हणाला. "दरवर्साला सारवून घेतो आमी. देवी यायची तर आंगण नको?"

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, तो वर आहे. सड्यावर.

"माहीत हाय." गंगाराम शांतपणे म्हणाला. "दरवर्साला असतो. झाडाआड बसला तरी येताना-जाताना कड्यावर दिसतोच. मागं आभाळ असतंय ना. मानूस आणि सायकल. गावात सगळ्यांना ठावं हाय."

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं एक माणूस वर उन्हात बसतो आणि तुम्ही खालून बघता, एकदा हाक नाही मारता आली कुणाला? असं काहीतरी मी बोललो. त्यावर त्यानं धोतरात ठेवलेला हात बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. अंगठा होता. बाकी काही नव्हतं.

"ह्यो बघून त्याचं काय व्हईल?" तो म्हणाला. "मी माझ्या पायानं गेलो होतो कामावर. पण त्याला तसं वाटायचं नाय. हात बघितला की परत तेच घेऊन बसंल. म्हनून गेलो नाय वर. वाटलं, नको दाखवायला."

मग तो उठत म्हणाला, "त्याला सांग, झाडाआड बसू नको म्हनावं. उभा रहा. मी बांधावर येतो."

मी लंगडत, सायकल ढकलत वर आलो. माझा गुडघा पाहून तो धावत पुढे आला. "चुकलं माझं," म्हणाला, "तुम्हाला एकट्याला उतारावर सोडायला नको होतं." मी त्याला तिथेच खडीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. सारवलेलं अंगण, ओटी, बंद दारापुढची पालखी, धोतरातला हात, गंगारामचे शब्द. तो ऐकत होता. मध्येच त्यानं माझ्या सायकलचं पुढचं टायर दाबून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. तेच टायर तो दाबत राहिला.

"चला उतरू," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. नाही जमायचं म्हणाला. आज नाही. इतक्या वर्षांनंतर असं मळलेल्या कपड्यांनी, हात हलवत जायचं? देवीपुढे काय, गंगारामपुढे उभं राहायचं म्हणजे काहीतरी तयारी पाहिजे. तो लहान मुलासारखी कारणं काढत होता आणि त्यातलं एकही त्याला स्वतःला पटत नव्हतं. पण तो झाडाच्या आडून बाहेर आला. कड्याच्या अगदी टोकाला, जिथे खाली पाहिलं की मला भोवळ यायची, तिथे जाऊन सायकलला धरून उभा राहिला.

खाली कलमांच्या बाहेर, शेताच्या बांधावर एक माणूस आला. तो थोडा वेळ नुसताच उभा होता. मग त्यानं हात वर केला. उजवा.

हा बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, हात तर आख्खा दिसतोय."

एवढ्या लांबून बोटं दिसत नाहीत. ते त्यालाही कळत होतं. त्यानं आपलाही हात वर केला आणि खाली घेईना. खालचाही घेईना. शेवटी ढोल दूर गेले तेव्हा बांधावरचा माणूस वळला.

परतीच्या वाटेवर तो मला म्हणाला, "पुढच्या शिमग्याला खालच्या रस्त्यानं जाऊ." हे मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नंतरच्या एका रविवारी तर तो लालबागच्या सरळ रस्त्यानं निघाला. त्या चाळीसमोर थांबला. सज्ज्यातून कुणीतरी वाकून पाहिलं, ओळखलं की नाही देव जाणे, आणि हा खालूनच म्हणाला, "चुकलं माझं." सज्ज्यातला माणूस गोंधळून आत गेला. मला हसू आवरेना. तोही हसला. मग आम्ही समोरच्या हॉटेलात चहा प्यालो, रस्त्याकडे तोंड करून.

त्या वर्षी गावाची तयारी त्यानं पावसाळ्यापासूनच सुरू केली होती. नवा पांढरा शर्ट शिवून घेतला आणि जिन्याखालच्या पेटीत कागदात गुंडाळून ठेवला. देवीसाठी नारळ कुठून घ्यायचा यावर माझ्याशी चर्चा केली. गंगारामसाठी काय न्यायचं, यावर मात्र त्याचं काही ठरेना. रोज नवीन काहीतरी सांगायचा आणि रोज ते स्वतःच मोडीत काढायचा.

थंडीत त्याला खोकला झाला. गिरणीतल्या कापसाचा जुना खोकला, त्याकडे कोण लक्ष देतो. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेला तेव्हा डॉक्टर आमच्यावर रागावले, की एवढे दिवस काय करत होतात. त्यांनी विचारायच्या आधीच तो पलंगावरून म्हणाला, "चुकलं माझं." भेटायला गेलो की मला विचारायचा, शिमगा किती लांब आहे. शेवटी शेवटी विचारायचा बंद झाला. एके दिवशी म्हणाला, माझी सायकल तुम्ही घ्या, खडीवर हवा कमी ठेवा. तो गेला त्या सकाळी मी शाळेत होतो. त्याचे चाळीतले शेजारी आणि मी, आम्ही मिळून सगळं केलं. नवा शर्ट मी त्याच्या अंगावर घालायला लावला.

गावी कळवायला हवं होतं. पत्र लिहायला मी दोनदा बसलो. पण गंगारामला ते कुणीतरी वाचून दाखवणार, अंगणात, चार लोकांत, हे माझ्या डोळ्यांसमोर यायचं आणि मी कागद बाजूला ठेवायचो. म्हटलं, शिमगा तोंडावर आलाय, जाऊन समोर बसून सांगू.

मी गेलो. खालच्या रस्त्यानं जायला हवं होतं. फाटा आला आणि मी अलीकडेच उतरलो, त्याची सायकल टपावरून घेतली आणि हवा सोडली. सबंध सड्यावर मी एकटा होतो. खडी करकरत होती. टिटवी आली, ओरडली, गेली. गंगारामला पहिलं वाक्य काय सांगायचं ते मी घोकत होतो आणि प्रत्येक चढाला ते बदलत होतं.

कड्याशी पोचलो. पाय दुखत होते म्हणून सायकलवरून उतरलो आणि तिला धरून टोकाला उभा राहिलो. दम घ्यायला, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. खाली ढोल चालू होते. पालखी झाडांत शिरली होती.

आणि बांधावर एक माणूस आला. वाट बघतच असावा, कारण मी थांबलो न थांबलो तोच आला. त्यानं मान वर करून पाहिलं. मागे आभाळ, माणूस आणि सायकल. त्यानं उजवा हात वर केला, गेल्या वर्षीपेक्षा जोरात, आणि तो हलवून खाली बोलावू लागला. ये, ये, उतर आता. मग मागे वळून झाडांकडे काहीतरी ओरडला. तिकडून आणखी माणसं बांधावर आली. कुणीतरी ढोल थांबवले. पालखी झाडांबाहेर येईना. ते तिला त्याच्या अंगणात थांबवून ठेवत होते.

मी हात वर केला नाही. करायला नको होता म्हणून नव्हे, माझा हात उचललाच जाईना. आपण काही न करता, नुसते उभे राहूनच या माणसाला फसवतोय, हे मला कळत होतं. आता खाली उतरायचं म्हणजे प्रत्येक वळणाला मी त्यांना थोडा थोडा दिसत जाणार, आणि कुठल्यातरी वळणावर तो हात खाली येणार.

वाकून मी पुढचं टायर अंगठ्यानं दाबलं. बरी होती. मग सायकलवर न बसता, तिला हातानं धरून, मी उताराला लागलो. वर पाहणाऱ्या त्या सगळ्यांचे चेहरे अजून दिसत नव्हते.

"चुकलं माझं," मी चालता चालता म्हणत होतो. सांगायला सुरुवात करण्यासाठी दुसरं वाक्य मला सुचलं नव्हतं.